सगळ्यात कमजोर गोळी

“यातली सगळ्यात कमजोर गोळी कोणती, भाऊ?” मनकर्णानं विचारलं.

दुकान अकोल्यातलं, बंदुकांचं. दुकानदार शेखरचा हा वडिलांपासूनचा धंदा. जोरदार गोळी कोणती, लांबवर जाणारी कोणती, रानडुकराला भारी पडेल ती कोणती, असं विचारणारी गिऱ्हाइकं त्यानं उभ्या आयुष्यात पाहिली होती. कमजोर गोळी मागणारी बाई त्याच्या काउंटरपुढे पहिल्यांदाच उभी राहिली होती.

तिचा नवरा गजेंद्र मात्र खूश झाला. फ्रिज घेताना, कुलर घेताना, पोरासाठी सायकल घेताना मनकर्णा अशीच दुकानदाराला प्रश्न विचारून भंडावून सोडायची, आणि तिनं निवडलेली वस्तू मग वर्षानुवर्षं कुरकुरायची नाही. आज सकाळी ती आपण होऊन अमरावतीहून एसटीत बसली, तेव्हाच त्याला नवल वाटलं होतं. संक्रांतीपासून बंदुकीचं नाव काढलं की तोंड फिरवणारी बायको आता गोळ्यांची चौकशी करतेय, म्हणजे राग गेला, असं त्यानं धरून टाकलं. नवरे लोकांचं हे असंच. बायको बोलायला लागली की त्यांना वाटतं, मिटलं सगळं.

“बराबर विचारलं तिनं,” गजेंद्र म्हणाला. “सांगा तिले, शेखरभाऊ. सगळं सांगा.”

हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की रस्त्यापलीकडचा पानवाला वळून पाहायला लागला. गजेंद्रचा इलाज नव्हता. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात तो जॉबर होता. माग अडला की पाना घेऊन धावायचं, हे त्याचं काम. त्याआधी दुसऱ्या गिरणीतही हेच. मागांच्या त्या खडखडाटात सगळी जवानी गेली आणि जाताना कान घेऊन गेली. शेडमध्ये कोणी कोणाशी आवाजानं बोलत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. घरी मात्र मनकर्णाला त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. त्यांच्या घरात मीठ संपलं की शेजाऱ्यांना आधी कळायचं.

या माणसाला एकच नाद होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बहिरमच्या जत्रेत त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं फळीवरचे सगळे फुगे ओळीनं फोडले. फुगेवाल्यानं हात जोडले, नव्या नवरीनं पदराआड तोंड लपवलं, आणि मागं उभ्या असलेल्या सूर्यभान हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सूर्यभान एनसीसीच्या पोरांना नेम शिकवायचा. तो गजेंद्रला अमरावतीच्या रायफल क्लबात घेऊन गेला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी गजेंद्र सतरंजीवर पालथा पडून पॉइंट टू-टूच्या रायफलनं पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडत आला होता. कधी चिमणी मारली नाही की ससा मारला नाही. “अर्धा श्वास सोड, अर्धा धर,” सूर्यभाननं शिकवलं होतं. तो धरलेला अर्धा श्वास हेच गजेंद्रचं सुख. तेवढ्यापुरते डोक्यातले माग बंद पडायचे.

रायफल मात्र क्लबची. तिच्या दस्त्यावर साऱ्या गावाचे गाल घासलेले, नळी पार झिजलेली. स्वतःची एक असावी, एवढंच त्यानं आयुष्याकडं मागितलं होतं. परवान्याचा अर्ज त्याच्या पोरानं, शिवमनं, संगणकावर भरून दिला होता. त्यालाही आता किती पावसाळे उलटले. तेव्हा शिवम फौजदार व्हायच्या परीक्षेची तयारी करत होता आणि बापाच्या अर्जावरून बापाची थट्टा करत होता. परवाना आला तो या संक्रांतीनंतर, आणि मुदतीत रायफल घेतली नाही तर तो बाद होणार होता.

“हे पाहा वैनी,” शेखरनं काउंटरवर तीन डब्या उघडल्या. “हे जोरदार. फटकन जाते, पण कागदावर नेम फाकते. हे मधली. निशाणबाजीले हेच पायजे. आन हे सगळ्यात मंद. आवाज टाळी वाजवल्यावानी.”

“मंग ह्या मंदवालीनं काही होत नाई?”

“कशाले?”

“माणसाले.”

शेखर हसला. “वैनी, टू-टूची गोळी चण्याएवढी दिसते म्हणून लोकं खेळणं समजतात. जवळून असन तं कोणतीच गोळी कमजोर नसते.”

मनकर्णानं हातातली डबी जिथून उचलली होती तिथं परत ठेवली.

“भेव वाटते तिले,” गजेंद्रनं परस्पर निकाल दिला आणि एक गोळी चिमटीत धरून तिच्यापुढे नाचवली. “हे पाह्य. मोठ्या बंदुकीच्या गोळीले बुडाशी मधात टिकली असते. हिले नाई. हिचा पेटणारा मसाला ह्या काठात भरलेला असते, बाहेरून दिसत नाई. घोडा दाबला, काठावर ठोका बसला का झालं. आन गंमत आयक, प्रत्येक नळीले वेगळी गोळी मानवते. दोन सारख्या रायफली घेतल्या तरी एकीले मानवन ते दुसरीले मानवन असं नाई. माणसायवानीच काम हाय.”

असं तो बोलतच सुटला. हिरव्या कापडावर तीन रायफली ठेवल्या होत्या. पहिली नवी, देशी. वजनाला हलकी, पण घोडा ओढताना दाराचा अडसर ओढल्यासारखं वाटायचं. दुसरी स्पर्धेची, जर्मन, इतकी जड की ती आपल्याला धरते आहे की आपण तिला, हेच कळू नये. आणि तिसरी चेक बनावटीची, जुनी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. कोण्या हौशी माणसानं जिवापाड जपलेली. गजेंद्रची नजर आल्यापासून तिच्यावरच होती, पण मन लावून तो आधी दुसऱ्या दोन पाहत राहिला. पोरगी पसंत पडली तरी पोह्यांची बशी संपवावी लागते, तसंच ते.

शेखरनं चेक रायफलचा बोल्ट ओढून बाहेर काढला आणि नळीतून उजेड दाखवला. तो वीतभर लोखंडी तुकडा मनकर्णानं हातात घेतला.

“हे काढलं तं बंदूक चालत नाई?”

“नुसती काठी होते, वैनी.”

मनकर्णाचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. “मंग हे तुमच्यापाशीच राहू द्या ना, भाऊ. बंदूक आमी घरी नेतो.”

दोघं पुरुष मनमुराद हसले. “आन मी काय लाटणं घेऊन झोपू सतरंजीवर?” गजेंद्र म्हणाला.

“गोळ्या तरी क्लबात राहतीन का? कपाट कसं असते? चावी कोणापाशी? तुमी सकायी ड्युटीवर गेले का चावी कुठं राहीन?”

“पाहा, शेखरभाऊ!” गजेंद्र डोळे पुसत म्हणाला. “पोराच्या खोलीच्या दाराची कडी निघाली पोळ्यापासून. मी जॉबर माणूस, दोन मिनिटाचं काम. पण हे बाई हात लावू देत नाई. राहू द्या म्हणते, दार फुगते. हिच्या भावाच्या मोर्शीच्या बगिच्याचं फवारनीचं औषध घरात होतं, ते वास येते म्हणून वापस धाडलं. सोताची पलंगावरची जागा सोडून त्याच्या दारात सतरंजी टाकून झोपते, तिथं म्हणे हवा लागते. आन इकडं बंदुकीचं कुलूप पाहून राहिली!”

मनकर्णा हसली नाही. ती बाकावर जाऊन बसली आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. खरं तर आता गजेंद्रनं थांबायला हवं होतं. वीस पावलांवरून मागाचा एक धागा तुटलेला दिसायचा या माणसाला. पण त्या घडीला त्याचं सगळं लक्ष अक्रोडाच्या त्या दस्त्यावर होतं, आणि त्याला दोष तरी किती द्यावा? आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःसाठी काहीतरी निवडत होता.

शेखरनं नळीत एक रिकामं काडतूस घातलं. या बंदुकीचा घोडा रिकाम्या नळीवर कोरडा दाबला की खोबणीचा काठ मार खातो, म्हणून. गजेंद्रनं दस्ता खांद्याला लावला, कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीवर नेम धरला, अर्धा श्वास सोडला. घोडा काच तुटावी तसा सुटला, कुठं ओढ नाही की अडथळा नाही. त्यानं रायफल खाली घेतली तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

“हेच,” तो म्हणाला.

“क्लबात तीनही जातीच्या गोळ्या मारून पाहा, गजूभाऊ. जे मानवन ते घ्या,” शेखर म्हणाला. त्यानं एका चिठ्ठीवर गजेंद्रचं नाव लिहिलं आणि ती दोऱ्यानं रायफलीला बांधली. “सोमवारी कागदपत्रं घेऊन या. तोवर हिले कोणी हात लावत नाई.”

परतीच्या एसटीत खिडकीशी मनकर्णा बसली. फाल्गुनातच ऊन भाजून काढत होतं, गाडी गच्च भरलेली. पुढच्या बाकावर कॉलेजच्या पोरी, मागं चांदूर बाजारचे दोन माळी रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन. गजेंद्र दस्त्याला कोणतं तेल लावावं याचं मोठमोठ्यानं वर्णन करत होता.

“अवो,” मनकर्णानं त्याचा दंड धरला. “आयका ना.”

“मोठ्यानं बोल.”

तिनं पुढच्या पोरींकडं पाहिलं, मागं पाहिलं. “मोठ्यानं नाई बोलता येत,” ती म्हणाली. तेही त्याला ऐकू गेलं नाही.

“अवं, शेडमधल्यावानी बोल,” तो हसून म्हणाला. “आवाजच काढू नको. मले ओठ समजतात. इतके वर्सं झाले लग्नाले, एकदा बोलून तं पाह्य.”

खरंच, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. त्यालाही नव्हतं. ओठ वाचणं म्हणजे कारखान्यातली गोष्ट. कोणी घरी माग घेऊन येतं का? मनकर्णानं तोंड त्याच्याकडं वळवलं, पदर नीट केला, आणि ओठांनी एकेक शब्द सावकाश घडवत ती बोलली.

“तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मी शिवमच्या खोलीत गेली नसती, तं आज शिवम नसता.”

गजेंद्रला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्यानं मान हलवली. तिनं तेच वाक्य पुन्हा बोलून दाखवलं. कडक ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि एकेक अक्षर स्वच्छ दिसत होतं.

“कडी निघाली नाई. मी काढली. औषध मी धाडलं. त्यानं शपथ घातली, बाबाले सांगू नको म्हणून. आन सांगाव कसं? तुमाले सांगाचं म्हंजे वरडून सांगा लागते. बाजूच्या खोलीत तो. कसं वरडू मी?”

“आन तो… अभ्यास?” गजेंद्रनं विचारलं. त्याला वाटलं आपण हळू विचारलं, पण पुढच्या पोरींनी वळून पाहिलं.

“कुठचा अभ्यास! दोन वर्सं झाले, फॉर्म भरला नाई त्यानं. पुस्तक उघडं टाकून भिताडाकडं पाह्यते. तुमाले वाटते पोरगं वाचून राहिलं.” तिचे ओठ थरथरायला लागले, आणि पुढचं गजेंद्रला नीट वाचता येईना. शेवटचं तेवढं कळलं. “मी गोळी पाहाले आली होती. वाटलं, एखादी अशी असन का जिच्यानं काही होत नाई. असती तं घेऊ दिली असती तुमाले. खरंच घेऊ दिली असती.”

मुर्तिजापूर आलं, माणसं उतरली, माणसं चढली. गजेंद्रनं बायकोचा हात हातात घेतला होता, आणि भरल्या गाडीत असं करण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्याला स्वतःची शरम वाटत होती. पोराला विहिरीच्या काठावर उभं करून आपण सहा महिने बंदुकीच्या गप्पा मारत बसलो. बायकोनं एकटीनं काय काय पाहिलं, काय काय लपवलं, आणि आपण दुकानदारापुढे त्याचेच विनोद केले. अमरावती येईपर्यंत त्यानं तो हात सोडला नाही.

स्टँडवर उतरल्यावर त्यानं शेखरला फोन लावला. फोनवर त्याला जेमतेम ऐकू यायचं, म्हणून पलीकडच्याला बोलूच दिलं नाही.

“शेखरभाऊ, चिठ्ठी काढून टाका. नाई, बंदूक चांगली हाय. बंदुकीत काहीच खोट नाई. दुसरं कोणी चांगलं गिऱ्हाईक पाहून द्या तिले.”

घरी शिवम बाहेरच्या खोलीत येऊन उभा होता. दाढी वाढलेली, अंगातला सदरा दोन दिवसांचा. पण बापाच्या हाताकडं पाहताना त्याच्या डोळ्यांत, किती तरी महिन्यांनी, थोडंसं काहीतरी हललं.

“पसंत केली का, बाबा?” त्यानं ओरडून विचारलं.

“नाई.”

“काहून?”

“डोळे राह्यले नाई रे आता. एकाचे दोन निशाण दिसतात. उगाच कायले पैसा घालाव?”

गजेंद्रला खोटं बोलता यायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी मागच्या रविवारचा कागद टाचणीनं लावलेला होता, आणि त्यातली सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली असती. शिवमनं त्या कागदाकडं पाहिलं. मग स्वतःच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं तेवढी होती. त्यानं आईकडं पाहिलं, आणि तिनं चटकन पाठ फिरवून गॅस पेटवला.

“बरं,” शिवम म्हणाला.

तो आत जायला वळला. त्याला वाटलं असणार, बापाला ऐकू येत नाही. दारातच थांबून, बाजूच्या भिंतीकडं पाहत, तो ओठातल्या ओठात स्वतःशीच बोलला. मनकर्णाची पाठ होती, तिला काही कळलं नाही. गजेंद्रला कळलं. शेडमधला साधा कामगारसुद्धा वाचू शकला असता, इतकं ते स्वच्छ होतं.

“बंदूक नाई आनल्यानं काय होनार हाय.”

मग त्यानं दार लोटलं. कडी नसलेलं दार पुरतं बसलं नाही. फुगलेल्या फळीवर आपटून ते परत अर्धं उघडलं आणि तसंच राहिलं.

गजेंद्र खुर्चीत बसला. आता त्याच्यापाशीही एक गोष्ट होती जी ओरडून सांगता येणार नव्हती. मनकर्णानं त्याच्यापुढे चहा ठेवला, डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? त्यानं मान हलवली, काही नाही. तिच्या अंगावरून ओझं उतरल्यासारखी ती किती दिवसांनी निवांत भिंतीला टेकून बसली होती. बंदूक येणार नाही म्हणजे आता पोरगा वाचला, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते पुसायचा धीर गजेंद्रला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिवमला मोठ्या दवाखान्यात नेलं. शिवम मुकाट आला, डॉक्टरच्या प्रश्नांना हो-नाही म्हणाला, गोळ्या घेऊन मुकाट परत आला. “कोणती मानवते ते पाहाव लागन,” डॉक्टर म्हणाले. “काहींले लवकर मानवते, काहींले टाइम लागते.” हे शब्द गजेंद्रनं त्यांच्या ओठांवरून वाचले आणि त्याला अकोल्याच्या काउंटरवरच्या तीन डब्या आठवल्या. बाहेर आल्यावर त्यानं चूळ भरली तरी तोंडातली कडू चव गेली नाही.

रविवारी सकाळी सूर्यभानचा फोन उजळून उजळून विझला. क्लबात जायची वेळ झाली होती. मनकर्णाला त्यानं बळेच आतल्या पलंगावर झोपवलं होतं आणि ती मेल्यासारखी झोपली होती. शिवमच्या दारापुढच्या सतरंजीवर गजेंद्र पालथा पडला. रेंजवर पडायचा तसाच, डावं कोपर पुढं, टाचा जमिनीला चिकटवून. दुसरं कसं पडावं हे त्याच्या शरीराला ठाऊकच नव्हतं.

अर्ध्या उघड्या दारातून खाटेवरचा शिवम दिसत होता, भिंतीकडं तोंड करून. श्वास ऐकू यावा असे कान गजेंद्रला राहिले नव्हते. बघूनच ओळखायला हवं होतं. वर पंखा फिरत होता आणि पोराच्या अंगावरची चादर सारखी हलत होती, त्यामुळं ती वाऱ्यानं हलते की श्वासानं, हे कळेना. रेंजवर बांबूला बांधलेली कापडाची पट्टी पाहून वारा किती आणि नेम किती हे वेगळं करायला सूर्यभाननं शिकवलं होतं. गजेंद्रनं चादर सोडून दिली आणि फक्त खांद्याच्या टोकावर नजर लावली. नजर ढळू नये म्हणून त्यानं अर्धा श्वास सोडला आणि अर्धा धरला.

डोक्यातले माग मात्र बंद पडले नाहीत.

खांदा हलला नाही. गजेंद्रनं श्वास सोडला नाही. छाती भरून आली, डोळ्यांत पाणी दाटलं, तरी त्यानं पापणी मिटली नाही. मग खांदा किंचित वर आला आणि खाली गेला. गजेंद्रनं श्वास सोडला, नवा घेतला, अर्धा धरून ठेवला, आणि पुन्हा त्या खांद्याकडं पाहत पडून राहिला.